पोपट माझ्यापेक्षा जास्त जगणार आहे

गेले काही महिने माझ्या डोक्यात जाळीशिवाय दुसरं काही नाही. जाळी म्हणजे पिंजऱ्याची जाळी. कोल्हापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मागितली की आधी समोर येते ती जीआयची, लोखंडावर जस्ताचा मुलामा दिलेली, स्वस्त, चकचकीत, लवकर गंजत नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला सगळे तीच मारतात. पण मकाव किंवा आफ्रिकन ग्रे पोपट दिवसभर काही ना काही चावत असतो, पिंजऱ्यात वर चढायचं म्हटलं तरी चोचीनं जाळी धरूनच चढतो, आणि ते जस्त थोडं थोडं पोटात गेलं की पक्ष्याला विषबाधा होते. खाणं सुटतं, पाण्यासारखी विष्ठा होते, मान धरवत नाही. नवीन जीआय जाळीच्या पिंजऱ्यात टाकलेले पक्षी काही दिवसांत आजारी पडतात हे पक्ष्यांच्या डॉक्टरांना चांगलं माहितीये. म्हणून स्टेनलेस स्टीलची जाळी लागते, तिचा भाव ऐकला की पोटात गोळा येतो, आणि दुकानदार वर मलाच विचारतो, "ताई, पोपटासाठी? नक्की ना?"

नक्की.

मी कपडे शिवते. नाटकाचे, शूटिंगचे, शाळेच्या गॅदरिंगचे, शिवजयंतीच्या मिरवणुकीचे. वडील टेलर होते, कोल्हापुरात पिक्चरचं काम जोरात होतं तेव्हा ते शूटिंगसाठी शिवायचे, अंगरख्याच्या कळ्या कशा काढायच्या, बाराबंदीचे बंद कुठं बसतात, जाड दोऱ्याचं विणकाम करून त्यावर चांदीचा रंग मारला की लांबून चिलखत कसं दिसतं, नवा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून जुना कसा करायचा, हे सगळं मी त्यांच्या मशीनखाली बसून शिकले. आता माझं वर्कशॉप आहे, चार जणी कामाला आहेत, आणि डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगचा सीझन लागला की रात्री दोन दोन वाजेपर्यंत ओव्हरलॉक मशीन चालू असतं. आणि या कामातून जे उरतं ते साठवून मला एक जागा उभी करायचीये, जिथं लोकांनी हौसेनं आणलेले आणि मग नकोसे झालेले परदेशी प्राणी-पक्षी राहतील. इग्वाना म्हणजे मोठे सरडे, बॉल पायथन म्हणजे अजगर, मकाव, आफ्रिकन ग्रे, शुगर ग्लायडर म्हणजे खारीएवढे, रात्री जागणारे प्राणी, लाल कानाची कासवं. शेवटपर्यंत राहतील.

या दोन गोष्टींचा काय संबंध असं सगळे विचारतात, आणि मला तो संबंध इतका सरळ दिसतो की उत्तर कुठून सुरू करावं हेच कळत नाही.

कपडे शिवणारा माणूस आयुष्यभर एकच काम करतो, दुसऱ्याचं अंग वाचतो. खांदा कुठं उतरलाय, हात वर केला की काखेत किती ओढ बसते, बसल्यावर पाठ किती लांब होते. बालनाट्यांसाठी मी प्राण्यांचे ड्रेस करायला लागले तेव्हा हेच वाचन प्राण्यांवर सुरू झालं. फरचं कापड कात्रीनं कापायचं नसतं, उलटं करून मागच्या बाजूनं ब्लेडनं फक्त खालचं कापड चिरायचं, म्हणजे लव तुटत नाही आणि शिवण आत लपून जाते. लवेची दिशा डोक्याकडून शेपटीकडं हवी, पोटाखाली ती वळते, पायावर खाली उतरते. एकदा वाघाचा ड्रेस करायचा होता तेव्हा मी न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये जाऊन पेंढा भरलेल्या वाघांसमोर वही घेऊन उभी राहिले. वाघाचे डाव्या अंगाचे पट्टे आणि उजव्या अंगाचे पट्टे सारखे नसतात, हे मी तिथं पहिल्यांदा नीट पाहिलं. आपण ड्रेस करताना कापडाची घडी घालून दोन्ही बाजू एकदम कापतो आणि वाघ खोटा दिसतो तो तिथंच. मी पट्टे उतरवून घेतले, ड्रेस झाला, छान झाला. पण त्या काचेच्या डोळ्यांसमोर इतका वेळ उभं राहिल्यावर मनात जे आलं ते गेलं नाही. हे सगळे कुणाच्या तरी हौसेसाठी मेले होते.

आणि आमच्या धंद्यानंही कमी मारलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या हॅटवर पिसं लावायची फॅशन आली, त्यात सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या पिसांना, ती पाठीवरची नाजूक लांब पिसं येतात ती फक्त विणीच्या हंगामात. म्हणजे शिकारी मारायचे ते घरट्यावर बसलेले आईबाप, आणि मागं पिल्लं उपाशी मरायची. तोळ्याच्या हिशोबात ही पिसं सोन्याला भारी पडायची. हा माल आपल्याकडूनही जायचा, १९०२ साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली. आणि ही फॅशन थांबवायला उभ्या राहिल्या त्याही बायकाच. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसननं १८८९ मध्ये संस्था काढली, तीच पुढं आरएसपीबी, म्हणजे तिथली पक्षी वाचवणारी मोठी संस्था झाली, बॉस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी घरी चहाला बोलवून बोलवून शहरातल्या बायकांना पिसांची हॅट सोडायला लावली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. कारण माझ्याकडंही लोक येतात, "खरी पिसं लावा, खोटी कळतात." गळलेली मोरपिसं देशात विकायला कायद्यानं परवानगी आहे, पण बाजारातलं कुठलं पीस गळलेलं आणि कुठलं उपटलेलं हे कोण बघत बसतं? मी गेली कित्येक वर्षं कुठलंच खरं पीस वापरत नाही. ऑर्गंझाच्या पट्ट्या कापून, कडा मेणबत्तीवर धरून, मधे तार घालून पीस करते, चार फुटांवरून कुणाला कळत नाही.

परदेशी प्राण्यांशी माझी गाठ पडली ती एका इग्वानामुळं. इचलकरंजीचा मुलगा, इंजिनिअरिंगला होता, त्यानं माझ्याकडून ड्रॅगनचा ड्रेस करून घेतला होता आणि "मॅडम, माझ्याकडं खराखुरा आहे, बघायला या" म्हणाला. गेले. गॅलरीत एका ॲक्वेरियमच्या काचेच्या पेटीत तो वाकडा होऊन पडला होता, कारण सरळ व्हायला जागाच नव्हती. हिरवा इग्वाना विकत घेतात तेव्हा तळहातावर मावतो, मोठा झाला की शेपटीसकट पाच-सहा फूट होतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या झाडांवर वर वर राहणारा प्राणी, हिरवा पाला खाणारा, त्याला हा मुलगा प्रेमानं अंडं आणि काकडी घालत होता. खालचा जबडा बोटानं दाबला तर लवत होता. पायाची हाडं सुजलेली. उन्हातली अतिनील किरणं मिळाली नाहीत की याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम अंगी लागत नाही, मग अंग स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच ती किरणं अडवते. आणि ती किरणं देणारी यूव्हीबीची ट्यूब लावली तरी ती सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते, कारण उजेड दिसत राहतो पण आतली किरणं संपलेली असतात. मुलगा वाईट नव्हता, अजिबात नव्हता. त्याला दुकानात कुणी हे सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मी टेप काढला आणि त्याचं माप घेतलं. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पोटाचा घेर, पुढच्या पायाची झेप. मग गॅलरीची मापं घेतली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिथं उभा पिंजरा केला, जमिनीपासून छतापर्यंत, आत आडव्या फांद्या, एका कोपऱ्यात गरम दिवा, दुसरा कोपरा थंड, म्हणजे तो हवं तसं इकडून तिकडं जाऊ शकेल. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं. आता तो सगळ्यात वरच्या फांदीवर पाय खाली सोडून पडलेला असतो. जबडा घट्ट झालाय, पाय मात्र थोडे वाकडेच राहिले, ते आता तसेच राहणार.

तेव्हापासून मला फोन येतात. जागा अजून झालेली नाही, त्यामुळं मी प्राणी घेत नाही, घेऊच शकत नाही, पण घरी जाऊन पिंजरे नीट करून देते. आणि शिवून देते. शुगर ग्लायडर दिवसभर झोपतो तो पिशवीत, ती पिशवी फ्लीसची शिवावी लागते आणि शिवण पूर्ण बंद लागते, कारण एक दोरा जरी सुटा राहिला तर तो नखात किंवा बोटाला गुंडाळतो आणि रक्त अडून बोट जातं. हे काम शिवणाऱ्याला जेवढं नीट जमेल तेवढं कुणालाच जमणार नाही. बरं, शुगर ग्लायडर हा कळपात राहणारा प्राणी, लोक एकटाच आणतात, दिवसा उठवतात, शर्टाच्या खिशात घालून फिरवतात, आणि तो एकटेपणानं स्वतःचंच अंग कुरतडायला लागतो. तेव्हा नुसती पिशवी देऊन काय होणार? पण निदान पिशवी तरी नीट असावी.

आता त्या पोपटाबद्दल सांगते, ज्याच्यामुळं हे सगळं नुसतं मनात न राहता कागदावर आलं.

आफ्रिकन ग्रे. राखाडी अंग, लालभडक शेपूट. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात थव्यानं राहणारा पक्षी, आणि पिंजऱ्यासाठी इतका पकडला गेला की २०१६ मध्ये साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं त्याला परिशिष्ट एकमध्ये टाकलं, म्हणजे रानातून पकडून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. हा एका कुटुंबाकडं आहे, नाव राजा. घरातला मुलगा दहावीत असताना हट्ट करून आणलेला, मुलगा आता जर्मनीत नोकरीला. राजा रोज संध्याकाळी त्या मुलाच्या आवाजात "आई, चहा झाला का" म्हणतो. हुबेहूब. काकी पहिल्या पहिल्यांदा रडायच्या, आता उत्तर देतात, "होतोय रे." आणि बाकीचा वेळ राजा स्वतःची पिसं उपटतो. छाती पूर्ण उघडी पडलीये, गुलाबी कातडी दिसते, मांड्यांवर पण. ग्रे पोपटांमध्ये हे फार दिसतं, कंटाळा, भीती, सोबत नसणं, कधी आजार, कारणं वेगवेगळी असतात पण एकदा सवय लागली की सुटणं अवघड.

डॉक्टरांनी विचारलं, याला जॅकेट शिवता येईल का. मी आयुष्यात एवढ्या छोट्या मापाचं काही शिवलं नव्हतं. पक्ष्याच्या छातीवर घट्ट काही बांधून चालत नाही, कारण त्याला श्वास घ्यायला छातीचं हाड पुढं-मागं हलावं लागतं, माणसासारखा पडदा त्याच्या पोटात नसतो. म्हणजे मानेशी घट्ट, छातीशी सैल, पंखाखाली मोकळं, आणि चोचीला पकडायला कुठं काठ सापडता कामा नये. मी मलमलचा कच्चा नमुना केला, मग फ्लीसचा, पाठीवर दोन थर. त्यानं पहिलं जॅकेट एका दुपारीत उसवलं. फाडलं नाही, उसवलं, शिवणीचा एकेक टाका शोधून. मी ते जॅकेट घरी आणून बघत बसले होते, इतक्या पद्धतशीर उसवलेलं काम मी चांगल्या कारागिराकडंच बघितलंय. मग मी बाहेरच्या थराला मुद्दाम सुट्या झालरी लावल्या, जाड कापडाच्या, चावायला. आता तो झालरी चावतो आणि छातीकडं कमी जातो. झालरी संपल्या की मी नवीन लावून देते. छातीवर बारीक राखाडी लव यायला लागलीये.

काका-काकी दोघंही सत्तरीच्या पुढं आहेत. काकी मला एकदा जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्यानंतर याचं काय गं?" राजा तेरा-चौदा वर्षांचा असेल. नीट सांभाळला तर हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगतो. मी पंचेचाळीसची आहे. हिशोब सोपा होता आणि तो मांडल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

लोक म्हणतात, सोडून द्या ना जंगलात. कुठल्या जंगलात? हा आफ्रिकेतला, तो ॲमेझॉनचा, आणि बहुतेक सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले. राधानगरीच्या रानात सोडला तर उपाशी मरेल किंवा कुणीतरी खाईल, आणि समजा जगला तर ते त्याहून वाईट. लाल कानाचं कासव बघा, मूळचं अमेरिकेतलं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, रुपयाच्या नाण्याएवढं असताना प्लास्टिकच्या डब्यात विकतात, वाढून ताटाएवढं होतं, पाण्याला वास यायला लागतो, मग लोक देवळाच्या तळ्यात सोडतात आणि पुण्य समजतात. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही बळकावतं. हात जोडून सांगते, तळ्यात सोडू नका.

कायद्याचं पण बोललं पाहिजे, कारण यात भलता गोंधळ आहे. आपला देशी पोपट, मुनिया, तारा कासव हे घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि तरी ते गल्लोगल्ली दिसतात. परदेशी प्राण्यांवर मात्र हा कायदा अनेक वर्षं जवळपास गप्पच होता. २०२० च्या जूनमध्ये केंद्रानं सांगितलं की ज्यांच्याकडं असे प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून कळवा, कागद मागणार नाही. मग २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्सच्या यादीतले प्राणी कायद्यात आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले. आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, प्राणी दुसऱ्याला दिला तरी कळवायचं, पिल्लं झाली तरी, मेला तरी. हे फार चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे. पण नोंदीच्या भीतीनं लोक प्राणी गुपचूप कुणाच्या तरी गळ्यात मारतायत हेही मी बघतीये. राजाची नोंद काकांनी वेळेत केली, मी सोबत बसून फॉर्म भरला. आणि आसरा काढायचा म्हणजे तर वेगळीच परीक्षा, प्राणिसंग्रहालय असो की रेस्क्यू सेंटर, केंद्राच्या सेंट्रल झू ऑथॉरिटीच्या मान्यतेशिवाय चालवता येत नाही. जागेचा आराखडा, नव्या प्राण्यासाठी वेगळी क्वारंटाइनची खोली, डॉक्टर, पाणी, सांडपाणी, कुंपण, पैसा कुठून आणणार आणि पुढं कुठून आणत राहणार, सगळं कागदावर लागतं. लोक याला कटकट म्हणतात. मला तसं वाटत नाही, उद्या कुणीही उठून चार मकाव आणून सॅंक्चुअरीची पाटी लावली तर?

कोल्हापूरला बाहेरच्या प्राण्यांचं नवल नाही तसं. संस्थानात चित्ते होते, काळविटाच्या शिकारीला तयार केलेले, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले जायचे. त्यांना सांभाळणारे चित्तेबान होते, त्यांचं ज्ञान घराण्यात चालत आलेलं. बाजेवर बसलेला चित्ता, त्याच्या डोळ्यावर पट्टी आणि शेजारी माणूस, असे जुने फोटो पाहिलेत मी. शिकार मला पटत नाही, कधीच पटणार नाही. पण त्या फोटोतल्या माणसाचा हात बघा, त्याला जनावर कळत होतं. तेवढं कळणारी माणसं आता पुन्हा तयार करायला लागणार आहेत, शिकारीसाठी नाही, सांभाळायला.

आणि आता आमच्याकडं प्राण्यांच्या आसऱ्याचं नाव काढलं की पहिला विषय महादेवीचा. नांदणी मठाची हत्तीण, तीस वर्षांहून जास्त तिथं होती, २०२५ च्या जुलैत कोर्टाच्या आदेशानं जामनगरला वनतारात गेली, आणि इकडं लोक नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत चालत निघाले. मी त्या गर्दीत होते. हत्तीसाठी काय योग्य याचा निकाल मी देणार नाही, माझा तेवढा अभ्यास नाही. पण बायका डोळे पुसत चालताना पाहिल्या आणि एक गोष्ट मनात पक्की झाली, की प्राणी जिथं राहतो तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय, सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. म्हणून जिथं ही जागा होणार त्या गावात मी आधी गेले. ग्रामसभेत उभी राहिले. एका मामांनी विचारलं, "साप सुटला तर?" मी बॉल पायथनचा फोटो दाखवला, घाबरला की गोळा होऊन डोकं आत घालतो, विषारी नाही, तरी दोन दारं ठेवणार, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दुसऱ्या एकानं विचारलं, "पोरांना बघायला सोडणार न्हवं?"

इथं मात्र माझं उत्तर लोकांना आवडत नाही. नाही सोडणार. तिकीट नाही, हातात घेऊन फोटो नाही, खांद्यावर मकाव बसवून वाढदिवस नाही, पिल्लं काढणं नाही, विकणं नाही. हातात न देणं, पिल्लं न काढणं, न विकणं ही जगभरात खऱ्या आसऱ्यांची खूण मानतात, २००७ पासून ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सॅंक्चुअरीज नावाची संस्था याचे निकष लावते. कारण एक सेल्फी बघून दहा जणांना वाटतं आपल्याकडंही असावा. मुलांसाठी मी वेगळं करणार आहे, इग्वानाचा ड्रेस, पोपटाचा ड्रेस, खऱ्या मापाच्या प्रमाणात, पंख कसा उघडतो ते दोरी ओढून दाखवणारा. शाळेत जाऊन दाखवीन. मूल त्या ड्रेसमध्ये शिरलं की त्याला कळेल की एवढे मोठे पंख असणाऱ्याला दोन फुटांचा पिंजरा म्हणजे काय. हे माझं काम आहे आणि हे मी चांगलं करते.

जागा आमचीच आहे, वडिलांच्या वाट्याची, हातकणंगले तालुक्यात, माळावर. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं होती, ती वाटणी होईपर्यंत किती हेलपाटे झाले ते जाऊदे. माळ म्हणून पूर्वी तिला कुणी विचारत नव्हतं, पण २०१९ ला पंचगंगेचा पूर वर्कशॉपमध्ये शिरला आणि पेटारेच्या पेटारे भिजले, पैठण्या, शेले, मावळ्यांच्या पगड्या सगळं चिखलात, २०२१ ला परत तेच, तेव्हापासून मला उंच जागेची किंमत कळलीये. पिंजऱ्यातला प्राणी पुरात पळू शकत नाही. आमची जागा पूररेषेच्या कितीतरी वर आहे. अडचण आहे ती पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, तेव्हा सरपटणाऱ्यांना दिव्यांवरच जगवायचं, आणि लाईट गेली की दिवे बंद, म्हणून सोलर आणि बॅटरी हा खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा आहे, जाळीपेक्षाही मोठा. थंडीत माळावर रात्री पारा बराच उतरतो, त्यासाठी रात्रघरं जाड भिंतींची, आतून ऊब देणारी, सिरॅमिक हीटरला जाळीचं कव्हर, कारण साप ऊब शोधत जाऊन हीटरला चिकटून भाजून घेतो.

मला सारखं विचारतात की तोवर राजाला तुझ्याकडंच का नाही आणत. कारण माझ्या वर्कशॉपमध्ये पक्षी जगणार नाही. आम्ही फोम चिकटवतो ते सोल्युशन, स्प्रे पेंट, गरम गोंद, याच्या वाफा पक्ष्याच्या फुप्फुसाला सहन होत नाहीत, त्याची श्वसनाची रचनाच अशी आहे की हवेतलं विष माणसाच्या कितीतरी आधी त्याला लागतं. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तरी घरातले पोपट मरतात. मणी, टिकल्या, सुटे दोरे, सगळं त्याला धोक्याचं. ज्या कामातून त्याचं घर उभं राहणार त्या कामाजवळ त्याला आणता येत नाही, हे मला फार लागतं. म्हणून माळावर जायच्या आधी मी अंघोळ करून धुतलेले कपडे घालते, तशी सवयच लावून घेतलीये, अजून तिथं एकही पक्षी नसताना.

तर राहिला काकींचा प्रश्न. आमच्यानंतर काय.

नाटक कंपन्यांचा कपडेपट बघितलाय मी. मालक जातो, नट जातात, आणि पेटारे कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतात, जरीला हात लावला की भुकटी होते. कपड्याचं एकवेळ ठीक आहे. पण जिवंत पक्षी माळ्यावर ठेवता येत नाही. म्हणून ही जागा माझ्या नावावर राहणार नाही, सार्वजनिक न्यास होणार, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, आणि विश्वस्तांची वयं मी मुद्दाम वेगवेगळी निवडतीये. एक डॉक्टर, एक निवृत्त वन अधिकारी, गावातले एक मामा, तेच ज्यांनी साप सुटला तर विचारलं होतं, ते मला हवेच होते. आणि कमीत कमी दोघं तिशीच्या आतले. राजा पन्नास वर्षांचा होईल तेव्हा जे साठीच्या आसपास असतील असे.

त्यातली एक माझ्याकडं फिनिशिंगला असते. चोवीस वर्षांची आहे, राजाच्या झालरी आता तीच लावते, जीवशास्त्रात बीएस्सी झालीये आणि घरची परिस्थिती अशी की शिकायला पुढं जाता आलं नाही. मी तिला विश्वस्त हो म्हटलं तर लगेच हो म्हणाली नाही, आठवडाभर गप्प होती. मग एक दिवस टाके घालता घालता म्हणाली, "ताई, मी करीन. पण फुकट नाही करणार. तुम्ही प्रेमानं करताय ते ठीक आहे, मला मात्र यावर घर चालवावं लागणार, लग्न झालं तरी हे सोडायला लागू नये असा पगार ठरवा, आणि पाच वर्षांचा बाजूला काढून ठेवा." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. म्हणजे तिनं खरंच विचार केला होता. मग डॉक्टर म्हणाले, पगार घेणारी विश्वस्त नको, हिशोबात आणि कागदात गुंतागुंत होते, तिला व्यवस्थापक म्हणून नेमा आणि विश्वस्त दुसरी तरुण व्यक्ती शोधा. तिला हे चाललं.

आता आम्ही तिघं बसून तो आकडा ठरवतोय. गॅदरिंगच्या सीझनमध्ये यंदा दोन शाळांनी जंगलाची थीम घेतलीये, ते पैसे सरळ तिच्या पगाराच्या ठेवीत जातील. स्टेनलेसची जाळी त्याच्या नंतर.